बारावे पायस : मौनाचा हिशेब

रेडी गावाच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी समुद्राला मिळते. तेथे खाडीच्या उत्तर तीरावर एक लहानसा किल्ला उभा आहे. भूगोलाने तो रेडीचा शेजारी, पण राज्यकारभाराने गोव्याचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि खाडीअलीकडची ही चिमूटभर भूमी १९६१ पर्यंत त्यांच्या ताब्यात राहिली. किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची एक तुकडी या किल्ल्यात शिरली आणि तिने तेथे तिरंगा फडकवला. त्याच दिवशी बांदा आणि पोळे या बाजूंनी निघालेल्या तुकड्यांचे नेतेही ख्रिस्तीच होते.

या गोष्टीला विशेष अर्थ होता. गोवा ही वसाहत नसून कॅथलिक संस्कृतीचा पूर्वेकडील प्रांत आहे आणि भारत मागतो आहे ती केवळ जमीन नसून एका धर्मसमाजाचे अस्तित्वच आहे, असे लिस्बनचे सालाझार सरकार जगाला सांगत होते. गोव्यात हिंदूंची बहुसंख्या होती, हे या युक्तिवादात सोयीस्करपणे विसरले जाई. हा दावा खरा की खोटा हे अधिकाराने सांगू शकेल असा एकच मनुष्य त्या काळी जगात होता. तो ना दिल्लीत होता ना लिस्बनमध्ये. तो रोममध्ये होता. बारावे पायस हे नाव धारण करून १९३९ ते १९५८ अशी सुमारे वीस वर्षे कॅथलिक धर्मपीठावर बसलेल्या युजेनिओ पाचेल्ली यांच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. युरोपात त्यांच्यावर ग्रंथांचे ढीग रचले गेले आहेत, पण त्यांत गोव्याचे नाव क्वचितच येते. वस्तुतः त्यांच्या मुत्सद्देगिरीचा न्याय करावयाचा तर ऑशविट्झ आणि गोवा ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवूनच तो केला पाहिजे.

वकिलांच्या घरातील मुलगा

पाचेल्लींचा जन्म रोममध्ये २ मार्च १८७६ रोजी झाला. त्याच्या सहाच वर्षे आधी, १८७० साली, इटालियन सैन्याने रोम जिंकून पोपची शतकानुशतकांची ऐहिक सत्ता संपुष्टात आणली होती. पाचेल्ली घराणे पोपच्या दरबारातील कायदेपंडितांचे. वडील धर्मपीठाचे वकील होते, आणि पुढे १९२९ साली इटलीशी झालेल्या लॅटरन कराराच्या वाटाघाटी थोरले बंधू फ्रान्चेस्को यांनीच केल्या. या कराराने व्हॅटिकन नगरी हे अवघ्या ४४ हेक्टरांचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले.

ज्या घरात हा मुलगा वाढला त्या घराची शिकवण त्याच्या पुढील आयुष्याच्या मुळाशी दिसते. राज्य गेले, सैन्य गेले, खजिना आटला. उरला तो करार. ज्याच्यापाशी बळ नाही त्याने शब्द काटेकोर लिहावेत, त्यांवर समोरच्याची सही घ्यावी आणि त्या कागदाच्या आधारे आपल्या माणसांचे संरक्षण करावे, ही ती शिकवण होय. १८९९ साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यानंतर १९०१ मध्ये पाचेल्ली व्हॅटिकनच्या परराष्ट्र खात्यात दाखल झाले आणि गास्पार्री यांच्या हाताखाली धर्मसंहितेच्या संकलनाचे प्रचंड काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. ती संहिता १९१७ साली प्रसिद्ध झाली. उंच, कृश, अबोल, अनेक भाषा जाणणारा आणि कागदपत्रांत रमणारा हा गृहस्थ धर्मोपदेशकापेक्षा कायदेपंडितच अधिक वाटावा, असा होता.

करारांचा कारागीर

१९१७ च्या मे महिन्यात ते पोपचे राजदूत म्हणून म्युनिकला गेले. पहिले महायुद्ध चालू होते. पंधरावे बेनेडिक्ट या पोपनी मांडलेल्या शांतता-प्रस्तावाच्या संदर्भात पाचेल्लींनी कैसर दुसरा विल्हेल्म याची समक्ष भेट घेतली. प्रस्ताव फसला, पण जर्मनीशी त्यांचे जे नाते जुळले ते बारा वर्षे टिकले. १९२४ मध्ये बव्हेरियाशी आणि १९२९ मध्ये प्रशियाशी त्यांनी करार घडवून आणले. १९२९ च्या अखेरीस ते कार्डिनल झाले आणि १९३० च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनचे परराष्ट्रमंत्री. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त करार यानंतरचा आहे. २० जुलै १९३३ रोजी, हिटलर सत्तेवर येऊन सहा महिनेही पुरते झाले नव्हते तेव्हा, जर्मन राज्याशी त्यांनी करारावर सही केली. कॅथलिक शाळा, संस्था आणि धर्मगुरू यांना संरक्षण मिळावे आणि मोबदल्यात धर्मगुरूंनी राजकारणापासून दूर राहावे, असा तो व्यवहार होता.

या व्यवहारात एक मूलभूत उणीव होती. कराराची किंमत तो मोडणाऱ्याला शासन करणारी यंत्रणा अस्तित्वात असेल तरच असते. येथे एका बाजूला निःशस्त्र धर्मपीठ आणि दुसऱ्या बाजूला कायदाच गिळून टाकणारी राजवट. सहीची शाई वाळते न वाळते तोच करारभंगास सुरुवात झाली. निषेधाच्या खलित्यांचा काही उपयोग झाला नाही. अखेर १९३७ च्या मार्चमध्ये तत्कालीन पोप अकरावे पायस यांनी नाझी राजवटीच्या निषेधाचे परिपत्रक काढले. रूढ लॅटिन बाजूला ठेवून ते जर्मन भाषेत लिहिले होते; त्याच्या मसुद्यात पाचेल्लींचा हात होता. गुप्तपणे छापून ते २१ मार्च १९३७ रोजी जर्मनीतील चर्चांमधून वाचले गेले. त्यानंतर छापखाने जप्त झाले आणि धरपकड झाली. उघड बोलण्याची किंमत आपल्या अनुयायांना मोजावी लागते, हा धडा पाचेल्लींनी या अनुभवातून घेतला, असे म्हणण्यास जागा आहे.

२ मार्च १९३९ रोजी, त्यांच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, एकाच दिवसाच्या निवडणुकीत ते पोप झाले. युद्ध तोंडावर आले होते आणि कार्डिनलांना मुत्सद्दी हवा होता.

युद्ध आणि मौन

२४ ऑगस्ट १९३९ रोजी नभोवाणीवरून त्यांनी शांततेचे आवाहन केले. आठवड्याभरातच पोलंडवर आक्रमण झाले. यानंतरच्या सहा वर्षांचे त्यांचे वर्तन हा आजही वादाचा विषय आहे. ते काहीच करीत नव्हते असे म्हणता येणार नाही. १९४० च्या सुरुवातीस हिटलरला उलथवू पाहणाऱ्या जर्मन सेनाधिकाऱ्यांचे निरोप ब्रिटनपर्यंत पोचविण्याचा धोका त्यांनी पत्करला. ते उघडकीस आले असते तर व्हॅटिकनच्या भिंती जर्मनीला थोपवू शकल्या नसत्या. पण ज्यूंच्या संहाराविषयी मात्र ते स्पष्ट शब्दांत बोलले नाहीत. १९४२ च्या नाताळच्या भाषणात, केवळ राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे मृत्यूच्या वाटेला लावलेल्या लक्षावधी निरपराधांचा त्यांनी उल्लेख केला; परंतु त्यात ज्यू हा शब्द नव्हता आणि मारेकऱ्याचे नावही नव्हते. त्यांना माहिती नव्हती, हा बचाव आता टिकत नाही. २ मार्च २०२० रोजी त्यांच्या कारकिर्दीची दप्तरे संशोधकांना खुली झाली. त्यांतून बाहेर आलेले एक पत्र २०२३ साली प्रसिद्ध झाले. एका जर्मन जेझुइटाने १४ डिसेंबर १९४२ रोजी पोपचे निकटचे सहायक फादर लायबर यांना ते लिहिले होते आणि पोलंडमधील बेल्झेक छावणीत रोज हजारो ज्यू व पोल मारले जात असल्याची वार्ता त्यात होती.

त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. जुलै १९४२ मध्ये हॉलंडच्या बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध केला. सूड म्हणून नाझींनी आठवड्याभरात कॅथलिक झालेल्या ज्यूंनाच उचलले. तत्त्वज्ञ आणि जोगीण एडिथ श्टाइन त्यांपैकी एक. ९ ऑगस्ट रोजी ऑशविट्झमध्ये त्यांचा अंत झाला. शब्द उच्चारल्याने माणसे मरतात, याचा हा पुरावा पायस यांच्यासमोर होता. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी खुद्द रोममध्ये ज्यूंची धरपकड झाली. पोपच्या निवासापासून काही मिनिटांच्या अंतरावर त्यांना डांबले गेले. हजाराहून अधिक माणसे ऑशविट्झला रवाना झाली आणि त्यांतील अवघी सोळा परत आली. जाहीर निषेध निघाला नाही. मात्र त्याच काळात रोममधील मठांनी आणि धर्मसंस्थांनी चार हजारांहून अधिक ज्यूंना लपवून वाचविले. हे पोपच्या इच्छेविरुद्ध झाले असेल, असे म्हणणे अवघड आहे.

तथापि हॉलंडच्या उदाहरणासमोर हंगेरीचे उदाहरण ठेवावे लागते. २५ जून १९४४ रोजी पायस यांनी हंगेरीचे प्रमुख होर्टी यांना तार केली. तीतही ज्यू हा शब्द नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता. अमेरिका आणि स्वीडन यांचेही दडपण पडले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात हद्दपारी थांबली. बुडापेस्टमधील पुष्कळ ज्यू त्यामुळे त्या वेळी तरी वाचले. तोवर चार लाखांहून अधिक माणसे गेली होती. म्हणजे बोलण्याने नेहमीच संकट वाढते, हा सिद्धांत त्यांच्याच कृतीने अपुरा ठरला. शब्द उपयोगी पडला. तो फार उशिरा उच्चारला गेला, इतकेच.

गोव्याचा प्रश्न

युद्धानंतर या मुत्सद्देगिरीला वेगळे क्षेत्र मिळाले. आशिया स्वतंत्र होत होता. १९४६ साली पायस यांनी एकाच वेळी ३२ नवे कार्डिनल नेमून त्या मंडळातील इटालियनांचे बहुमत संपविले; त्यांत पहिला चिनी कार्डिनलही होता. १९४८ साली भारताशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. आणि येथेच पोर्तुगालचा अडथळा उभा राहिला.

पोर्तुगालच्या राजांना पूर्वेकडील धर्मप्रांतांवर पाद्रोआदो नावाचा जुना हक्क होता. चर्चेस बांधावयाची, धर्मगुरूंचा खर्च सोसावयाचा आणि मोबदल्यात बिशपांच्या निवडीत शब्द चालवावयाचा, असा हा सोळाव्या शतकापासूनचा व्यवहार. या हक्काचे अवशेष भारत स्वतंत्र झाल्यावरही शिल्लक होते. १९२८ च्या कराराप्रमाणे मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असे ठरले होते. स्वतंत्र भारतातील एका मोठ्या शहराचा धर्माधिकारी निवडताना लिस्बनला विचारावे लागावे, ही स्थिती कोणत्याही भारतीयाला, आणि विशेषतः भारतीय ख्रिस्ती माणसाला, अपमानास्पद वाटावी अशीच होती.

पायस यांनी याविरुद्ध भाषण केले नाही. त्यांनी कागद हलविले. १८ जुलै १९५० रोजी व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि पोर्तुगालने आपल्या हद्दीबाहेरील भारतीय धर्मप्रांतांवरचे हे हक्क सोडले. त्याच वर्षी मुंबईचे इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी पद सोडले. आपल्या जागी भारतीय माणूस यावा यासाठी ते स्वतःच कित्येक वर्षे प्रयत्नशील होते. डिसेंबर १९५० मध्ये त्यांच्या जागी व्हॅलेरियन ग्रेशस आले. त्यांचा जन्म कराचीतला, पण कुटुंब गोमंतकीय. १२ जानेवारी १९५३ रोजी पायस यांनी त्यांना कार्डिनल केले. ते पहिले भारतीय कार्डिनल होत. पूर्वेचे रोम म्हणून मिरविणाऱ्या गोव्याच्या आर्चबिशपाकडे पेट्रियार्क ही पदवी होती, पण कार्डिनलची लाल टोपी मात्र मुंबईतील गोमंतकीयाच्या मस्तकावर आली. लिस्बनला हा संकेत कळला नसेल, असे संभवत नाही. त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकारातील, पण पोर्तुगीज हद्दीबाहेरील प्रदेश काढून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण करण्यात आला. धर्मपीठाने आपल्या नकाशावरील सीमारेषा भारताच्या नकाशाशी जुळवून घेतली, असाच याचा अर्थ होता.

८ जुलै १९५५ रोजी पंडित नेहरू युरोपच्या दौऱ्यात रोमला आले असता पायस यांना भेटले. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, याविषयी पोप सहमत असल्याचे नेहरूंनी नंतर पत्रकारांना सांगितले. सालाझारच्या सगळ्या युक्तिवादाचा पायाच त्या एका वाक्याने खचला. गोव्यासाठी लढणे म्हणजे धर्मासाठी लढणे, असे आता कोणत्याही कॅथलिकाला रोमच्या नावाने सांगता येणार नव्हते. पण हेही पायस स्वतः जाहीरपणे बोलले नाहीत. ते नेहरूंच्या तोंडून जगाला कळले. पाच आठवड्यांनी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. त्या वर्षीच्या नाताळच्या संदेशात पायस यांनी वसाहतींतील जनतेला न्याय्य आणि क्रमशः वाढते राजकीय स्वातंत्र्य नाकारू नये, असे युरोपला बजावले. कोणत्याही देशाचे नाव त्यांनी घेतले नाही. तीच जुनी रीत.

दोन मौनांतील फरक

पायस यांची रीत युरोपात आणि गोव्यात एकच होती. नावे घ्यावयाची नाहीत, दार बंद करावयाचे नाही, भाषणापेक्षा कागदावर आणि नेमणुकांवर भिस्त ठेवावयाची आणि काळाला आपले काम करू द्यावयाचे. एकाच हत्याराने एके ठिकाणी काम साधले आणि दुसरीकडे ते लज्जास्पद रीतीने बोथट ठरले, असे का व्हावे?

अर्थशास्त्रात एखाद्या निर्णयाचा खर्च मोजताना केवळ रक्कम पाहून भागत नाही. तो खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हेही पाहावे लागते. मुत्सद्द्याचे मौन फुकट नसते. त्याचा खर्च दुसराच कोणीतरी सोसत असतो. गोव्यातही तो सोसणारे होते. आग्वादच्या तुरुंगात खितपत पडलेले कैदी होते. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानल्या गेलेल्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना तर पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुक्त गोवा न पाहताच त्यांनी मुंबईत देह ठेवला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर रोजी, पायसही गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. जे रोमच्या एका उघड शब्दाने कदाचित लवकर झाले असते ते उशिरा झाले आणि तो उशीर कुन्हांसारख्यांच्या आयुष्यातून वजा झाला. पण गोव्याच्या बाबतीत काळ दुर्बलांच्या बाजूने वाहत होता. साम्राज्ये मोडत होती, भारत समर्थ होत होता आणि जो आज तुरुंगात होता तो उद्या सुटण्याचा संभव होता.

पोलंडमधील छावण्यांत काळ दुर्बलांचा वैरी होता. तेथे प्रत्येक दिवस म्हणजे हजारो माणसे. ज्यांच्यापाशी उद्याच नाही त्यांना सबुरीची मुत्सद्देगिरी काहीही देऊ शकत नाही. मौन राखले तर परिस्थिती आणखी बिघडणार नाही, हा हिशेब जेथे आणखी बिघडण्यासारखे काही उरलेले असते तेथेच लागू पडतो. पायस यांची चूक येथे झाली, असे मला वाटते. ते भित्रे होते किंवा हिटलरचे मित्र होते, हे आरोप पुराव्याला धरून नाहीत. १९६३ साली जर्मन नाटककार रॉल्फ होख्हूट यांच्या नाटकाने त्यांची जी प्रतिमा रंगविली तीही एकांगीच होती. ते एका विशिष्ट रीतीत इतके मुरले होते की ज्या प्रसंगाला ती रीत लागू नव्हती तो प्रसंग त्यांना वेगळा ओळखता आला नाही. आयुष्यभर करार लिहिणाऱ्याला, ज्याच्याशी करारच होऊ शकत नाही असा शत्रू समोर आल्याचे उमगले नाही. उमगले असले तरी वागण्यात ते उतरले नाही.

२००९ साली त्यांना संतपदाच्या मार्गावरील वंदनीय ही पायरी मिळाली तेव्हा जगभर वाद झाला आणि तो पुन्हा होईल. त्यांना संत ठरवावे की नाही, हा कॅथलिक धर्मपीठाचा प्रश्न आहे. आपल्यासारख्यांना त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते निराळे. शाळेत, कचेरीत, संस्थेच्या सभेत अन्याय घडताना आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणतो. पुष्कळदा ते शहाणपण असतेही. आज भांडून जे बिघडेल ते उद्या समजुतीने सुधारेल, असे प्रसंग असतात. पण तसे ठरविण्यापूर्वी ज्याच्यावर अन्याय होत आहे त्याला थांबायला वेळ आहे का, एवढे तरी विचारले पाहिजे. आपल्या मौनाचा खर्च जो देणार आहे त्याची त्याला संमती आहे का, हेही विचारले पाहिजे. पायस यांच्यासारख्या अभ्यासू आणि व्रतस्थ माणसाकडूनही हे प्रश्न विचारावयाचे राहून गेले. आपल्याकडून ते राहणे तर फारच सोपे आहे.

तेरेखोलच्या किल्ल्यातील संत अंतोनीचे चर्च आजही उभे आहे. २००५ सालापासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि रेडीच्या परिसरातील ख्रिस्ती माणसाला लिस्बनकडे पाहण्याचे कारण उरलेले नाही. हे घडून येण्यात रोममधील एका अबोल वृद्धाच्या कागदांचा वाटा आहे, तो मान्य केला पाहिजे. परंतु १९५४ च्या ऑगस्टमध्ये, पोप काय म्हणतील याची वाट न पाहता, जे ख्रिस्ती सत्याग्रही झेंडा घेऊन या किल्ल्यात शिरले त्यांचा वाटा त्याहून मोठा आहे. गोव्याचा प्रश्न धर्माचा नाही, हे पंतप्रधानांनी रोममध्ये सांगण्याच्या जवळजवळ अकरा महिने आधी त्यांनी ते आपल्या कृतीने सांगून टाकले होते.